रविवार चिखलात घालवायचा की तळ्याकाठी पंधरा मिनिटं? नोकरी-घर सांभाळून पर्यावरणाचं काम निवडताना

"पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय, पण वेळच नाही," असं कोणी म्हणालं की मी उलट विचारते, वेळ नाही म्हणजे नक्की कधीचा नाही? घोडबंदर रोडला राहून बीकेसीला नोकरीला जाणाऱ्याकडे आठवड्यात एकही मोकळी संध्याकाळ नसते, पण ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर हातात मोबाइल आणि पाऊण तास असतो. ऐरोलीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्याचा मंगळवार रिकामा आणि रविवार भरलेला असतो. शाळकरी मुलांच्या आईकडे रविवारी सकाळी दोन तास असतात, पण दहाला क्लास असतो आणि नाश्ता कोणी करायचा हा प्रश्न उरतोच. या तिघांना एकच काम सुचवण्यात काही अर्थ नाही.

ठाणे-नवी मुंबईत कामांना तोटा नाही. एका बाजूला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या बाजूला येऊर, पारसिक आणि खारघरचे डोंगर, मध्ये तलाव आणि हजारो सोसायट्या. पण बहुतेक जण काम निवडतात ते फोटो बघून. फ्लेमिंगो दिसले, गेले. जूनमध्ये कोणी रोपं लावताना दिसलं, गेले. तिसऱ्या रविवारी पाहुणे येतात, चौथ्या रविवारी मुलाला ताप, आणि मग त्या व्हॉट्सॲप ग्रुपचे मेसेज न वाचताच खाली सरकवले जातात.

माझ्या मते आधी एकच गोष्ट तपासावी: तुम्ही एखाद्या आठवड्यात गेला नाहीत तर ते काम अडतं का? काही कामं अडत नाहीत. तीस जणांच्या सफाईला एकोणतीस आले तरी सफाई होते. काही कामं मात्र तुमच्यावाचून सडतात, आणि खतखड्ड्याच्या बाबतीत तर अक्षरशः. ज्याच्या नोकरीत महिनाअखेर असते, घरात आजारी सासरे आहेत किंवा मुलगी दहावीला आहे, त्याने पहिल्या वर्षी न अडणारं काम घ्यावं. अडणारं काम घ्यायचंच असेल तर जोडीला कोणीतरी हवंच.

खाडीकाठची सफाई

नवी मुंबईत ऐरोली, वाशी, करावे, नेरूळच्या बाजूला आणि ठाण्यात कोपरी, कळवा, विटाव्याच्या बाजूला कांदळवनातला कचरा काढणारे गट आहेत. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. कांदळवनाच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच बंदी घातली आणि सरकारी जमिनीवरची कांदळवनं वनखात्याच्या अखत्यारीत आली. त्यामुळे चार मित्र जमवून, हातमोजे घालून कुठेही शिरता येत नाही. जो गट वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवून, परवानगी घेऊन उतरतो त्याच्याबरोबरच जावं. सुरुवातीला नुसती ओळख करून घ्यायची असेल तर ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. मुलांना घेऊन एक सकाळ तिथे घालवली की खाडीत काय काय राहतं हे डोळ्यांना कळतं आणि पुढे कचरा काढताना हात जपून चालतो.

या कामाचं मोठं सुख म्हणजे फळ लगेच दिसतं. दोन तासांत पन्नास गोण्या भरल्या, जागा मोकळी झाली, मुळं दिसायला लागली. ऑफिसमध्ये महिनोन्महिने एका फाइलचा शेवट न दिसणाऱ्या माणसाला याची फार गोडी लागते.

पण चिखलात काय असतं ते आधी ऐका. तिवराची श्वसनमुळं चिखलातून बोटभर, वीतभर वर आलेली असतात आणि झाड त्यांतूनच हवा घेतं. त्यांच्या दाटीत गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचे तुकडे, चपला आणि औषधांच्या पट्ट्या अडकतात. दुधाच्या पिशवीचा कापलेला तिकोनी कोपरा सर्वांत चिवट. तो इतका लहान असतो की एकेक करून वेचावा लागतो. त्याच्याखालोखाल त्रास साडीचा. देवीला वाहिलेली साडी निर्माल्याबरोबर पाण्यात सोडतात, ती भरतीबरोबर आत येऊन मुळांना वेढे घालते आणि वर गाळ बसतो. नवा माणूस जोर लावून ओढतो आणि साडीबरोबर मुळंही तोडतो. ती कात्रीने जागच्या जागी कापून तुकड्या-तुकड्यानेच काढावी लागते. तासभर एका साडीशी झटणं ज्याला जमतं, त्याला हे काम मानवतं.

वेळेचा हिशोब मात्र घड्याळावर नाही, तिथीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला आपल्याकडे भरती दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला. खाडीत आत जावं तसा थोडा उशीर धरायचा. त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी सातला उतरलं तर साडेनऊला घरी पोचता येतं. अष्टमीच्या सुमाराला, भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या भांगाच्या दिवसांत, हेच गणित उलटतं, पाणी ओसरायला दुपार होते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याने एक रविवार सोयीचा तर पुढचा गैरसोयीचा, असं चक्र चालतं. कोळीवाड्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आपल्याला कॅलेंडर बघावं लागतं. महिन्यातून दोनच रविवार द्यायचे असतील तर अमावास्या-पौर्णिमेजवळचे निवडा, घरची सकाळ वाचते.

गमबूट आणि जाड हातमोजे स्वतःचे ठेवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसची भीती खरी आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना चिखलात उतरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना काठावर गोण्या मोजायला बसवा. आणि एक गोष्ट, जी कोणत्याच पोस्टरवर लिहिलेली नसते: तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? तीन तास पाणी न पिता काम करून डोकं धरून घरी येणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. ज्या गटाने याचा विचार केलेला असतो, त्याने बाकीचाही केलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही आला नाहीत तर अडतं का? नाही. त्यामुळेच सुरुवातीला हे काम चांगलं. कचरा मात्र पुढच्या उधाणाला पुन्हा येतो, आणि ज्यांना हे सहन होत नाही ते वर्षभरात गळतात.

झाडं: लावणं आणि जगवणं ही दोन वेगळी कामं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव असतो. तेव्हा खारघरपासून येऊरपर्यंत जिथे-तिथे बॅनर, टी-शर्ट आणि बहाव्याची रोपं दिसतात. एक सकाळ द्यायची, खड्ड्यात रोप ठेवायचं, माती दाबायची. कुटुंबासह सहल म्हणून उत्तम, मुलंही खूश. पण त्या दिवशी तिथे माणसांची चणचण नसते.

चणचण असते जानेवारी ते मे. पारसिकच्या किंवा खारघरच्या उतारावर पाच-दहा लिटरचा कॅन घेऊन चढायचं, आळ्यात पाणी घालायचं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं, मोडलेली काठी बदलायची. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं आणि डोंगरांवर वणवे लागतात. खारघरच्या बाजूला तर दरवर्षी. एका रात्रीत दोन-तीन वर्षांची रोपं जळून जातात. म्हणून गवत कापून जाळरेषा काढाव्या लागतात, आणि तेही वनखात्याच्या किंवा ज्याची जमीन आहे त्याच्या संमतीनेच.

हे काम अडणाऱ्यांतलं आहे. उन्हाळ्यात दोन रविवार पाणी चुकलं की पहिल्या वर्षीचं रोप गेलंच म्हणून समजा. शिवाय मार्च म्हणजे वार्षिक परीक्षा आणि मार्च-अखेर, एप्रिल-मे म्हणजे गावाला जायचे दिवस. नोकरदाराच्या वर्षाशी इतकं फटकून असलेलं दुसरं काम नसेल. म्हणून ज्यांना झाडांचीच आवड आहे त्यांना मी डोंगराऐवजी घराजवळचं काम सुचवते. आपल्या रस्त्यावरच्या, शाळेसमोरच्या पाच-सहा रोपांची जबाबदारी तीन घरांनी मिळून घ्यायची. एक घर गावाला गेलं तरी दोन घरं असतात. वॉचमनशी बोलून ठेवलं तर चौथाही माणूस मिळतो.

डोंगरावरच जायचं असेल तर जो गट मागच्या वर्षीची रोपं तुम्हाला दाखवतो, त्याच्याकडे जा. "पाच हजार झाडं लावली" असं ऐकलं की "त्यातली गेल्या मेपर्यंत किती जगली?" एवढं विचारायचं. गटाच्या प्रमुखाला हा प्रश्न आवडला तर समजा जागा योग्य आहे. रोपं कोणती, हेही बघा. करंज, उंबर, अर्जुन, पळस, काटेसावर, ताम्हण अशी इथली झाडं असतील तर ठीक. सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया झटपट वाढतात म्हणून लावणाऱ्यांपासून दूर राहिलेलं बरं.

येऊरबद्दल वेगळं सांगायला हवं. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत आणि पाड्यांवर आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वनखात्याच्या गेटवरून, त्यांच्या वेळेत, त्यांच्या परवानगीनेच जायचं. आपण "जंगल वाचवायला" आलो आहोत अशा थाटात पाड्यावरच्या बायकांना शिकवायला जाऊ नये, त्यांना ते जंगल आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याचा कार्यक्रम होतो. वर्षातून एकच रात्र द्यायची असेल तर त्यासाठी नाव नोंदवून बघा, पण जागा मोजक्या असतात.

सोसायटीतला ओला कचरा: प्रवास शून्य, डोकेदुखी भरपूर

घराबाहेर पडायला वेळ नसणाऱ्यांनी सर्वांत आधी याचा विचार करावा, आणि घाबरून सर्वांत शेवटी निवडावं. प्रवास लिफ्टपुरता, खर्च सोसायटीचा आणि परिणाम रोजचा. साठ-सत्तर घरांच्या सोसायटीतून दिवसाला तीस-चाळीस किलो ओला कचरा सहज निघतो. तो डम्पिंगला गेलाच नाही तर वर्षाचा हिशोब तुम्हीच करा. खाडीकाठी आपण कितीही रविवार घालवले तरी एवढं वजन एका माणसाच्या हातून निघत नाही.

तंत्र अवघड नाही. ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर पालापाचोळा, कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा, थोडं कल्चर म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, आणि दोन-चार दिवसांनी खालीवर. आत गरमी धरली पाहिजे. हात वर नेला तरी ऊब लागते आणि सकाळी झाकण उघडल्यावर वाफ दिसते. साधारण दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. वास येतो तो ओलं जास्त आणि सुकं कमी झाल्यावर. पावसाळ्यात हे हमखास होतं. मग अळ्या होतात आणि पहिल्या मजल्यावरचे काका सेक्रेटरीला फोन करतात. खरं तर त्या अळ्या बहुतेक वेळा निरुपद्रवीच असतात आणि कचरा झपाट्याने खातात, पण काकांना ते पटवायला एक मीटिंग जाते. उपाय साधा: भुशाचा जास्तीचा हप्ता आणि वरून झाकण. मे महिन्यात आंब्याच्या कोयी साचतात, त्या वेगळ्या काढाव्या. करवंट्या तर काढाव्याच, त्या काही कुजत नाहीत.

अवघड आहेत ती माणसं. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असं वर्गीकरण घराघरात बंधनकारक केलं, तरी डायपर ओल्या डब्यात येतोच. तो हाताने उचलून बाजूला काढायची वेळ येते हाऊसकीपिंगच्या मावशींवर, आणि या साऱ्या उपक्रमात त्यांना कोणी काही विचारलेलंच नसतं. तुम्ही हे काम घेणार असाल तर पहिली बोलणी त्यांच्याशी करा, पगारात वाढ सुचवा, हातमोजे आणा. एजीएममध्ये ठराव नंतर. ठरावानंतरही निम्मी घरं पहिल्या महिन्यात डबे वेगळे करत नाहीत. तेव्हा नोटीस लावण्यापेक्षा मजल्यामागे एक गृहिणी किंवा निवृत्त माणूस पकडणं जास्त चालतं. मुलांना डबे तपासायला लावलं तर त्याहून चालतं, कारण शेजारच्या नातवाला नाही म्हणणं कोणालाच जमत नाही.

इथे तुमच्यावाचून अडतं, आणि वाईट अडतं. दोन आठवडे टूरवर गेलात की परत आल्यावर प्रकल्प बंद झालेला असू शकतो. म्हणून किमान तिघं जण तयार होईपर्यंत सुरुवातच करू नये. तिघांत एक तरी कमिटीवर हवा, नाहीतर भुशाचं बिल पास होत नाही.

खाडी आणि सोसायटी यांतलं एकच निवडा म्हटलं तर मी सोसायटी म्हणेन. पण भांडणाची सवय नसलेल्या, ऑफिसातच दिवसभर माणसांशी झटून आलेल्या मित्राला मी खाडीवरच पाठवीन. तिवर उलट बोलत नाही.

पक्षी-झाडांच्या नोंदी: पंधरा मिनिटांचं खरंखुरं काम

याला बरेच जण काम मानतच नाहीत. "नुसते पक्षी बघत फिरता," असं घरचेही म्हणतात. त्यांना सांगायला एक आकडा देते. 2023 चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल देशभरातल्या 30 हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर-वेबसाइटवर टाकलेल्या 3 कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे आणि त्यात 942 जातींचा विचार झालाय. कोणती जात घटते आहे हे त्यातून कळतं. त्या नोंदी करणाऱ्यांत नोकरीवाली माणसंही होती.

पद्धत सोपी आहे. पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं किंवा चालायचं, दिसलेले-ऐकलेले सगळे पक्षी मोजून लिहायचे. कावळे आणि कबुतरंही. नवशिके तीच वगळतात आणि यादी निरुपयोगी होते. उपवनला, कचराळीला किंवा वाशीच्या मिनी सीशोरला सकाळी फिरायला जाताच, तर त्याच फेरीत हे होतं. तांबटाचा टुक-टुक, वंचक, खंड्या, दयाळ, धीवर, शराटी एवढे ओळखता आले तरी सुरुवात झाली. आवाजांसाठी मर्लिन ॲप मदत करतं, पण त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. पक्षी दिसेपर्यंत थांबा. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. एरवी संकोच वाटत असेल तर त्या दिवसांत एखाद्या गटाबरोबर जा. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) सहली आणि कार्यक्रमही आहेत, फक्त ठाण्याहून दूर असले तर अर्धा दिवस जातो हे धरून चाला.

पक्षी नको असतील तर झाड घ्या. सीझनवॉच नावाच्या उपक्रमात आपण एक झाड निवडतो आणि दर आठवड्याला त्याची कोवळी पानं, फुलं, फळं किती आहेत ते नोंदवतो. बस स्टॉपजवळचा बहावा चालतो. तो यंदा एप्रिलऐवजी फेब्रुवारीतच फुलला का, हे सांगणारा माणूस रोज तिथून जाणाराच असावा लागतो. ऑफिसला जाणाऱ्याइतका नेमाने कोण जाणार?

फुलपाखरं आवडणाऱ्यांनी घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत एक रविवार मुलांसह घालवावा. ती सहलच, पण पुढे नोंदींची गोडी लावणारी.

आठवडा चुकला तर काही अडत नाही. मुलं बरोबर येतात, खर्च जवळपास नाही, पावसात गॅलरीतूनही होतं. मग खोट काय? हाताला माती लागत नाही, आणि ज्याला काहीतरी केल्याचं समाधान त्याच दिवशी हवं असतं त्याला हे कोरडं वाटतं. मला वाटत नाही, पण तो स्वभावाचा भाग.

कागदांचं काम

हे ट्रेनमध्ये, रात्री मुलं झोपल्यावर, कुठेही बसून होतं. तरीही सर्वांत कमी माणसं इथेच येतात.

झाड तोडायची परवानगी मागितली गेली की महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्या झाडावरही नोटीस लावावी लागते. हरकतींची मुदत साधारण आठवड्याची. एवढ्यात कोणीतरी जाऊन ते झाड पाहिलं, घेर मोजला, फोटो काढला, घरटं असेल तर नोंदवलं आणि दोन परिच्छेदांची हरकत दिली, तर ती फाइलला लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. त्यामुळे वय किती लिहिलंय यावर सगळं ठरतं. "हा वड माझ्या आजोबांच्या आधीचा आहे" असं सांगणारा चेंदणीतला म्हातारा इथे तुमच्या उपयोगाचा. त्याचं म्हणणं लिहून घ्या, सही घ्या.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात ऑनलाइन होतो. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर. नवा माणूस रागाच्या भरात सगळा इतिहास लिहितो आणि अर्ज परत येतो. एक प्रश्न, एक सर्व्हे नंबर, एक तारीख, एवढंच लिहावं.

यातून काही होतं का? नेरूळच्या डीपीएस तलावाचं उदाहरण ताजं आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये तिथे फ्लेमिंगो मरू लागले. खाडीचं पाणी आत येणारे मार्ग अडल्याने तळं कोरडं पडलं, अशा तक्रारी नागरिकांनी लावून धरल्या, फोटो आणि पत्रं पाठवत राहिले, आणि 2025 मध्ये त्या सुमारे 30 एकर तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या गाळात चरतात आणि भरतीला अशा पाणथळींवर येऊन उभे राहतात. पाणथळ गेली तर खाडी स्वच्छ करूनही उपयोग नाही. चिखलात उतरणाऱ्यांनीही एखादं पत्र लिहावं ते यासाठी.

तोटे सांगते. उत्तरं टाळाटाळीची येतात, वर्षं जातात, मन खट्टू होतं. कधी स्थानिक हितसंबंधांशी गाठ पडते, म्हणून एकट्याच्या नावाने मोहीम चालवू नये, संस्थेच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर जावं. सरकारी नोकरीत असाल तर सेवानियम आधी बघा. आणि घरी याची फार चर्चा करू नये, जेवणाच्या ताटावर सर्व्हे नंबर कोणालाच आवडत नाहीत.

उरलेली, थोडक्यात

विसर्जनाच्या दिवसांत निर्माल्य गोळा करायला आणि कृत्रिम तलावांवर माणसं लागतात. ठाण्यात समर्थ भारत व्यासपीठ निर्माल्यापासून खताचं काम करत आलं आहे. वर्षातून दोन-तीन संध्याकाळीच देऊ शकणाऱ्यांसाठी हे छान. अडचण एवढीच की तेव्हा घरीही गणपती असतो. दीड दिवसाचा असेल तर अनंत चतुर्दशीला तुम्ही मोकळे, दहा दिवसांचा असेल तर दीड दिवसाच्या विसर्जनाला. हे घरच्यांशी आधीच ठरवून टाका.

सर्पमित्र किंवा प्राणी वाचवणाऱ्या गटात जायची हौस तरुणांना फार असते. नोकरी आणि लहान मूल असताना माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. फोन कधीही येतो, जीवावर बेततं, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत गेला आहे, म्हणजे प्रशिक्षण आणि वनखात्याच्या संमतीशिवाय हात लावणं हा गुन्हा ठरू शकतो. साप दिसला तर 1926 हा वनखात्याचा नंबर फिरवा आणि लोकांना लांब उभं करा. तेवढी मदत पुरते. संक्रांतीला मांज्याने जखमी झालेला पक्षी खोक्यात घालून दवाखान्यात पोचवणं मात्र कोणालाही जमेल.

ऑफिसच्या सीएसआरचा वृक्षारोपण दिन पगारी वेळेत होतो, हा त्याचा मोठा गुण. जा, मजा करा, आणि एचआरला विचारा की एप्रिलमध्ये टँकर कोण पाठवणार. कधी कधी खरंच पाठवतात.

मग कोणी काय घ्यावं

गट पारखताना मी चार गोष्टी बघते: परवानगीचं पत्र आहे का, गोळा केलेला कचरा शेवटी कुठे जातो, मागच्या पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी किती जण आले होते, आणि न आलेल्याला ग्रुपवर टोमणे मारतात का. शेवटचा मुद्दा संसारी माणसाला फार महत्त्वाचा. ठाण्यात पर्यावरण दक्षता मंचसारख्या जुन्या संस्थांत एकापेक्षा जास्त प्रकारची कामं चालतात, तिथे विचारून बघितलं तर खाडी नाही जमली तरी दुसरं काही सापडतं.

बीकेसीला जाणाऱ्याने कागदांचं काम घ्यावं आणि महिन्यातून एकदा पौर्णिमेजवळच्या रविवारी खाडीवर जावं, म्हणजे ज्याच्यासाठी अर्ज करतोय ते दिसत राहील. शाळकरी मुलांच्या आईने आधी नोंदी घ्याव्यात, मुलांना बरोबर घेऊन, आणि सोसायटीत दोन जोडीदार मिळाले की खतखड्डा. नवऱ्याने रविवारी नाश्ता करायचं कबूल केलं तर खाडीही. निवृत्तीला आलेल्यांनी थेट सोसायटी घ्यावी, त्यांच्याकडे वेळ आहे आणि कमिटीवर वजनही. शिफ्टवाल्याची पंचाईत अशी की सगळे गट रविवारी भेटतात. त्याला रस्त्यावरच्या रोपांना मधल्या वारी पाणी घालायचं काम द्यावं. उन्हाळ्यात मंगळवारी सकाळी पाणी घालायला दुसरं कोणी मिळत नाही, आणि त्या तीन घरांच्या गटाला नेमका तोच माणूस हवा असतो.